मोरचुदाची खळ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मृणालिनी नावाच्या पोरीने मला दोन वह्या दिल्या. एकीत लायब्ररीचा इतिहास लिहायचा, दुसरी जास्तीची. म्हणाली, "आजी, तुम्हाला जे जे आठवतं ते लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका." मी म्हटलं, "मी चौथी पास. काळजी शुद्धलेखनाने करावी." ती हसली. पुण्याची आहे, तरी हसते.

निळ्या पुठ्ठ्याची वही तिची. ही लाल माझी. हिच्यात मला वाटेल ते लिहिणार. नात आकांक्षा विचारत होती, "आजी, डायरी लिहितेस की काय?" म्हटलं, "वाणसामानाची यादी." तिला सगळं फोनमध्ये लागतं. वही उघडून बघायची तिची सवयच मोडलीय, तेव्हा भीती नाही.

गिरगावातली त्रिलोकेकरांची लायब्ररी बंद होतेय. इमारत पाडणार, टॉवर बांधणार. पुस्तकं आणि चित्रं फोर्टातल्या एका मोठ्या संस्थेत जाणार. चित्रांना तिथे वेगळं दालन मिळणार आणि त्याला आमच्या जुन्या ग्रंथपालांचं नाव देणार, शामराव गुप्त्यांचं. ते जाऊन तेरा वर्षं होतील. मृणालिनी त्या संस्थेची. एकेक चित्र तपासून, चांगलं-वाईट लिहून, मग उचलायचं असं तिचं काम. मार्चमध्ये समारंभ. शामरावांच्या मुलीचा सत्कार आणि माझाही. शाल, नारळ. मी चाळीत सांगून बसले. तोंडाला कुलूप लावता येत नाही हा माझा जुना रोग.

दालनाला शामरावांचं नाव. द्या बापडे. माणूस मेला की चांगलाच होतो. त्यांनी मला चोर ठरवलं होतं ते कोण पाटीवर लिहिणार?

गुरुवार, ९ जानेवारी

निळ्या वहीत पाच पानं झाली. बोटं आखडली.

लिहिलं ते असं. नारायणराव त्रिलोकेकरांचा तळमजल्यावर छापखाना होता. दगडावर चित्र काढायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. एका रंगाला एक दगड. देवांची चित्रं, नाटकाच्या जाहिराती, काडेपेटीची लेबलं, गिरणीच्या ताग्यावर चिकटवायची रंगीत चित्रं, सगळं छापायचे. म्हाताऱ्याला एक खोड. जे जे छापलं त्यातलं एक स्वच्छ बघून वर घरात ठेवायचं. बायको म्हणायची रद्दी. छापखाना बंद पडला तेव्हा मुलाने त्याच रद्दीची लायब्ररी केली.

मग शामराव आले. ते लालबाग-परळच्या रद्दीवाल्यांकडे फिरून आणखी जमवायचे. संपाच्या वेळी युनियनची पोस्टरं भिंतीवरून ओली असतानाच सोलून आणली. पोलिसाने हटकलं तर म्हणाले, "हा इतिहास आहे." पोलीस म्हणाला, "मग इतिहास घेऊन घरी जा." अठरा हजार नग झाले. जर्मनीची, जपानची माणसं यायची बघायला. त्यांना चहा मी दिलाय. जपानी माणसाने तीनदा वाकून कप घेतला, मला वाटलं पाठ दुखते त्याची.

हे झालं निळ्या वहीतलं. आता माझं.

मी आले त्र्याऐंशीला. दौलतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गिरणी संपात गेली ती गेलीच. मी झाडू मारायला लागले. एक दिवस शामराव फाटक्या चित्राला सेलोटेप लावत होते. मी म्हटलं, "हे काय, चपलेला लावताय का?" संपात आम्ही बायका कागदाच्या पिशव्या चिकटवायचो, खळ कशी शिजवायची ते मला ठाऊक. मैदा, पाणी, मंद आच, आणि निळ्या मोरचुदाची चिमूट. मोरचूद ही माझी अक्कल. आमच्या वेंगुर्ल्याला बाबा पावसाच्या तोंडावर माडीवर, म्हणजे पोफळीवर, चढून सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुना मारायचे, म्हणजे फळं कुजत नाहीत. भाऊ गावाहून पुडी घेऊन यायचा. म्हणायचा, "घाल गो खळीत, झुरळ रवाचा नाय." आणि नाहीच राहिलं. माझ्या खळीला ना बुरशी, ना वास, ना कसर. फाटलेलं चित्र मागून मांजरपाटाच्या कापडावर चढवायचं, कापड दौलतच्याच गिरणीतलं. शामराव पाहुण्यांना दाखवायचे, "ही शांताबाईंची खळ. हिला किडा तोंड लावत नाही."

सात वर्षं असं चाललं. मग नव्वद साली एका सोमवारी गेले तर चार नंबरच्या कपाटाला नवीन कुलूप. शामराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "शांताबाई, या कपाटाला आता हात लावायचा नाही." का, तर काही नाही. त्यात सगळ्यात भारी चित्रं. म्हणजे मी चोरीन असं वाटलं असणार, दौलत नुकताच गेलेला, घरात दोन पोरं. मी काही बोलले नाही. फक्त त्यांचा चहा बंद केला. पाहुण्यांना द्यायचे, त्यांना नाही. बावीस वर्षं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा मागवून प्याले. मागवू देत.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळाचे लाडू घेऊन गेले. मृणालिनीने एक खाल्ला आणि म्हणाली, "आजी, इकडे या. एक दाखवायचंय."

खिडकीपाशी टेबलावर माझी चित्रं मांडलेली. माझी म्हणजे मी चिकटवलेली. वरच्या बाजूने तपकिरी पट्टे उमटलेले, जिथे जिथे मागे खळ तिथे तिथे. एक चित्र तिने चिमट्याने जरा उचललं तर पापडासारखं मोडलं. सरस्वतीचा हात गेला वीणेसकट.

"कीड?" मी विचारलं.

"कीड नाही. कीड असती तर बरं होतं." ती बोलताना चष्मा पुसत होती. "कुणीतरी खळीत मोरचूद घातलंय. त्यात तांबं असतं. ते कागद आतून जाळत राहतं. वीस वर्षं, तीस वर्षं. वरून काही दिसत नाही आणि मग असं होतं."

"परत नाही होणार नीट?"

"जळलेलं नीट नाही होत, आजी."

तेवढ्यात हर्षवर्धन आला. नारायणरावांचा पणतू, ट्रस्टचा सेक्रेटरी. त्याला मी चड्डीत बघितलंय. आता अंगाला सेंट. तो म्हणाला, "दुरुस्त्या कोण करायचं? गुप्ते काकाच ना? सगळं तेच बघायचे." आणि माझ्याकडे बघितलं, आठवतंय का म्हणून.

मी लाडूचा डबा बंद करत होते. झाकण बसत नव्हतं.

मृणालिनीने विचारलं, "आजी, तुम्हाला आठवतं का कोण करायचं?"

मी म्हटलं, "शामरावांच्या टेबलावर व्हायचं सगळं."

खोटं नाही ते. टेबल त्यांचंच होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

दोन दिवस गेले नाही. आकांक्षाला सांगितलं गुडघा दुखतो. ती म्हणाली, "बाम लाव." बाम लावला. गुडघा चांगला आहे.

मी काय वाईट केलं? मी टिकावं म्हणून घातलं. बाबांच्या सुपाऱ्या टिकल्याच की.

सोमवार, २० जानेवारी

तीनशे बारा. मृणालिनीने मोजली. तीनशे बारा चित्रं जळाली, त्यातली कितीतरी जगात एकच. नारायणरावांनी ठेवलेली ती एकेक स्वच्छ प्रत.

ट्रस्टची मीटिंग झाली. हर्षू फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नो नो, त्यांचं नाव कसं देणार आता? ज्यांनी कलेक्शन खराब केलं त्यांच्याच नावाचं दालन? लोक हसतील." मग मला बघून आवाज खाली घेतला. मग म्हणाला, "शांताबाई, तुमचा सत्कार आहेच हं. काळजी नको."

मला काळजी नव्हती. मी चार नंबरच्या कपाटापुढे लादी पुसत होते. मोकळी लादी. पुसायला काही कारण नव्हतं.

त्यांनी मला चोर समजलं. आता लोक त्यांना अडाणी समजतील. फिटंफाट. असं मी मनाशी दोनदा म्हटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

चार नंबरची किल्ली सापडत नाही. शामरावांच्या नंतर दोन ग्रंथपाल आले, टिकले नाहीत, पुढे ट्रस्टने कोणी ठेवलंच नाही. कपाट बंद ते बंद. हर्षू म्हणतो कटर मारू. मृणालिनीने हात जोडले, "ठिणग्या उडतील हो!" मग म्हणाली, गुप्ते सरांच्या घरी विचारून बघू या. त्यांच्या टेबलाच्या खणात चष्मा, डब्या, चार पेनं निघालीत, ती पण द्यायला हवीत. "आजी, तुम्ही जाल का? तुमची ओळख आहे."

ओळख. आहे खरी.

रविवार, २ फेब्रुवारी

दादरला जाऊन आले. शामरावांची मुलगी रश्मी, साठीची, बँकेतून रिटायर झालेली. दारातच म्हणाली, "या, शांताबाई." बसा म्हणाली नाही. मी बसले. जिने चढून आल्यावर मान-अपमान खुर्चीत बसून घ्यावा.

मी पिशवी दिली. तिने चष्मा काढून बघितला, एक काच तडकलेली. म्हणाली, "हर्षवर्धनचा फोन आला होता. बाबांनी चित्रं खराब केली म्हणतात. माझे बाबा. चित्राला हात लावताना घरी बांगड्यांचा आवाज करू द्यायचे नाहीत आईला."

मी डब्या, पेनं काढून तिच्यापुढे ठेवली.

"त्यांनी उभी हयात दिली हो तिकडे. रविवारसुद्धा. लायब्ररी बंद असायची, तरी दर रविवारी डबा घेऊन जायचे. वीस-बावीस वर्षं. आई भांडायची, रडायची. आजारी पडले तोवर एक रविवार घरी नाहीत." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? आता आईही नाही, बाबाही नाहीत. आईला वाटायचं तुम्हीही असता रविवारी."

माझ्या कानातून वाफ निघाली. म्हटलं, "रश्मीताई, रविवारी मी घरी बांगडे साफ करत होते. चाळीतल्या मांजरांना विचारा. तुमच्या बाबांना मी चहासुद्धा देत नव्हते."

"ते माहितीय," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, शांताबाईंचा चहा बंद झाला. आईला ते नाटक वाटायचं."

मी वर पंख्याकडे बघितलं. तो चालू नव्हता.

मग ती आत गेली आणि किल्ली घेऊन आली. देव्हाऱ्याच्या खणात होती. "कशाची ते सांगितलं नाही कधी. शेवटी हॉस्पिटलात म्हणत होते, अजून राहिलीत, अजून राहिलीत. आम्हाला वाटलं औषधं."

किल्ली घेतली. जिना उतरताना गुडघा खरंच दुखायला लागला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कपाट उघडलं.

आत सहा कप्पे, प्रत्येकात चित्रं, दोन चित्रांमध्ये बटर पेपर. मी ओळखली एकेक. ही सगळी मी चिकटवली होती, आल्यापासून नव्वदपर्यंत. पण मागे मांजरपाट नाही. खळ नाही. स्वच्छ. कुठे कुठे नुसता पिवळट डाग, जुन्या जखमेसारखा.

मृणालिनी एक चित्र उलटून बघत होती आणि तिचा आवाज बदलला. "आजी, कुणीतरी हे काढलंय. ओल्या घड्या ठेवून, इंच इंच करून. मी पाच वर्षं शिकले हे. ज्यांनी केलं ते शिकलेले नव्हते, पण काय हात आहे! एका चित्राला दोन-दोन दिवस गेले असणार." कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. तिने वाचलं. "खळ काढली. रविवार, १२-५-९१." दुसऱ्यावर, "खळ काढली. रविवार." सगळ्यांवर रविवार.

खालच्या कप्प्यात एक फाईल. त्यात इंग्रजी पत्र, नव्वद सालचं, कुठल्या तरी परदेशी बाईचं. लायब्ररी बघून गेली होती, तिने कळवलं होतं की तुमच्या खळीतलं मोरचूद कागद जाळेल, ताबडतोब थांबवा, चढवलेलं सगळं काढा. मृणालिनीने मराठीत सांगितलं. पत्राच्या कडेला शामरावांचं अक्षर, ते मीच वाचलं. तीन ओळी.

"ट्रस्ट म्हणतो बाईला काढा, झाडायला स्वस्तात दुसरी मिळेल. दुरुस्तीचं काम आहे म्हणूनच ठेवून घेतलंय. काम चालू दिसलं पाहिजे."

मृणालिनी म्हणाली, "कोण ही बाई?"

मी म्हटलं, "वाच पुढे."

पुढे काही नव्हतं.

ती म्हणाली, "साडेपाचशेच्या वर आहेत इथे. म्हणजे बाहेरची तीनशे बारा राहून गेली त्यांची."

अजून राहिलीत, अजून राहिलीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज गेले नाही. सकाळपासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे ती लिहून टाकते.

नव्वदनंतर शामराव मला चिकटवायला द्यायचे ते गिरणीच्या ताग्याचं लेबल. लक्ष्मीचं. दोन हत्ती, कमळ, खाली गिरणीचं नाव. तेच लेबल. महिन्याला एक गठ्ठा, गठ्ठ्यात चाळीस. फाटलेलं असायचं, कधी कधी तर नीट कात्रीने कापल्यासारखं फाटलेलं. मी आकांक्षाच्या आईला सांगायचे, म्हातारा खुळावला, तीच लक्ष्मी मला शंभरदा चिकटवायला लावतो. हसायचो आम्ही. मी एकदा त्यांना म्हटलं पण, "किती लक्ष्म्या हव्यात तुम्हाला?" ते म्हणाले, "काम नीट होतंय शांताबाई, चालू द्या."

त्या लक्ष्म्या तळमजल्यावर दगडांमागे पोत्यात आहेत. पाच पोती. कोणी मोजतसुद्धा नाही त्यांना. छापखान्याचा उरलेला माल.

मला सांगायचं होतं ना. तोंडावर सांगायचं, बाई तुझी खळ वाईट. मी काय केलं असतं? भांडले असते. चुलीवरची कढई आपटली असती. मग ट्रस्टने काढलं असतं आणि दोन पोरं घेऊन मी कुठे गेले असते, ते मला आज कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं.

बावीस वर्षं माणूस बाहेरचा चहा प्याला. त्या हॉटेलचा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हर्षवर्धनच्या ऑफिसात गेले. वातानुकूलित. पदर घट्ट केला.

म्हटलं, "खळ मी करायची. मोरचूद मी घालायची. माझ्या भावाने आणलेलं. शामरावांनी उलट काढून टाकली, रविवारी येऊन, सहाशेच्या घरात चित्रं वाचवली. मृणालिनीकडे कागद आहेत. त्यांचं नाव लावा. माझा सत्कार काढा."

तो खुर्चीत मागे रेलला. "शांताबाई, आता कशाला?"

"आता कळलं म्हणून."

"बघा, तुम्ही भावनेच्या भरात..."

"हर्षू, मी भावनेत असते तर रडले असते. मी सांगतेय."

त्याला हर्षू म्हटलेलं आवडलं नाही. मग खरं काय ते बोलला. ठराव झाला. दालनाला आता देणगीदाराच्या आईचं नाव येणार, बिल्डरच्या. पत्रिका छापायला गेल्या. "आणि बोर्डाला हे कसं सांगू? म्हणजे गुप्ते काकांना नव्वदपासून माहीत होतं आणि त्यांनी ट्रस्टपासून लपवलं? तुम्हाला वाटतं ते त्यांच्या बाजूने आहे?"

हे मी धरलंच नव्हतं. पत्र त्यांना सोडवेल असं मला वाटलं. ते तर आणखी बांधतंय.

"तुमची शाल घ्या आणि सोडा," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"नको."

रविवार, ९ फेब्रुवारी

परत दादर. रश्मीला सगळं सांगितलं, खळ, मोरचूद, कपाट, रविवार, लक्ष्म्या. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढचं सांगितलं नसतं. तिने पेन्सिलीचे शेरे बघितले, मृणालिनीने फोटो काढून दिले होते. एकेक तारीख वाचत गेली. एका तारखेवर थांबली. "या दिवशी माझं केळवण होतं. बाबा नव्हते." मग पुढे वाचत राहिली.

शिव्या घालेल असं वाटलं होतं. तयारीने गेले होते. तिने घातल्या नाहीत. म्हणाली, "आई हे कळायच्या आधी गेली."

मी म्हटलं, "हो."

"शेवटपर्यंत तिने त्यांना क्षमा केली नाही. जे नव्हतंच त्याची."

मी उठले. दारात ती म्हणाली, "समारंभाला मी येणार नाही."

"मी पण नाही," मी म्हटलं.

दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कपाटं जायला लागली. ज्या भिंतींना चाळीस वर्षं ऊन लागलं नव्हतं तिथे आता रंग ताजा दिसतो. खालचे दगड कोणी न्यायला तयार नाही, वजन फार. एका दगडावर उलटी गणपतीची सोंड अजून दिसते. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजी, इसका किचन का ओटा बनेगा मस्त." बनेल.

मृणालिनीने तिची खळ दाखवली. नुसतं गव्हाचं सत्त्व आणि पाणी. मी विचारलं, "हिच्यात काय घालतेस टिकायला?" म्हणाली, "काही नाही. दोन दिवसांत नासते. मग फेकायची, नवी करायची." मी बोट लावून बघितली. चांगली शिजवली होती, गुठळी नाही. तसं सांगितलं तिला.

शनिवार, १ मार्च

आज शेवटचं. तीनशे बारांचं काय करायचं ते ठरलं. संस्था ती प्रदर्शनाला घेत नाही. फोटो काढून पेटीत बंद करणार. त्यातलं एक, ती हात मोडलेली सरस्वती, शिकणाऱ्या मुलांना दाखवायला ठेवणार, काय करू नये ते.

मृणालिनी तिचं कार्ड भरत होती. चित्राचं नाव, साल, छापखाना, माप. मग एक रकाना, दुरुस्ती कोणी केली. तिने तिथे लिहिलं होतं, अज्ञात.

मी म्हटलं, "हे कोण?"

ती वर बघेना. "आजी, गरज नाहीये. कुणाला काय करायचंय नाव? पुढची शंभर वर्षं मुलं हे कार्ड वाचतील."

"म्हणूनच. त्यांना वाटेल शामराव. पेन दे."

"माझ्या अक्षरात लिहावं लागतं."

"मग लिही. शांता दौलत परब."

तिने अज्ञात खोडून लिहिलं. दौलतचा ल जरा लहान आला. मग मी तिला चार नंबरच्या कपाटातली कार्डं काढायला लावली. त्यात खळ काढणाऱ्याला रकानाच नव्हता, छापलेला नव्हता. ती म्हणाली शेऱ्यात लिहिते. साडेपाचशे कार्डं. मी म्हटलं, "मग बस लिहीत, मी आहे." ती बसली. मी एकेक कार्ड पुढे सरकवत गेले आणि ती प्रत्येकावर लिहीत गेली, खळ काढली, शामराव गुप्ते. पन्नासाव्याला तिचा हात दुखायला लागला. दोनशेला तिने बोलणं बंद केलं. दोनशे सत्तरला खालून ट्रकवाला ओरडायला लागला, "मॅडम, नो पार्किंग है!"

दोनशे सत्तरवर थांबलो. बाकीची ती तिकडे जाऊन लिहीन म्हणाली. लिहील का, माहीत नाही. तिच्या मागे कामं फार.

निळी वही तिला दिली. शेवटच्या पानावर खळीचं सगळं लिहिलं आहे, चिमूट किती तेसुद्धा.

घरी आले. मोरीवरच्या फळीवर मोरचुदाचा डबा आहे, अर्धा भरलेला, खडे अजून तसेच निळे. आकांक्षा म्हणाली, "आजी, हे काय आहे? फेकू?"

म्हटलं, "हात लावू नकोस त्याला."

मग तिला चहा टाकायला सांगितला. दोन कप टाकू का म्हणून ती विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी तीन बशा काढल्यात. एक परत ठेवली.